फुकट मॅमोग्राफी आणि नंतरचे आठ दिवस

गेल्या ऑक्टोबरात आमच्या सोसायटीत मॅमोग्राफीचा, म्हणजे स्तनांच्या एक्स-रेचा, फ्री कॅम्प होता. गुलाबी फुगे, गुलाबी रिबिनी, पार्किंगमध्ये मशीनची व्हॅन. मी ४३ची, घरात कुणाला कॅन्सर नाही, गाठबीठ काही नाही, पण सगळ्या चालल्या म्हणून मीपण गेले. तिसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर रिपोर्ट आला, त्यात 'सस्पिशस' असा शब्द, आणि तासाभरात त्या सेंटरचा फोन, मॅडम याच आठवड्यात आलात तर बायोप्सीवर २० टक्के डिस्काउंट आहे. मी कुकर लावत होते, गॅस बंद केला आणि तिथेच फरशीवर बसले.

आठ रात्री झोप नाही. शेवटी वहिनी मला तिच्या ओळखीच्या डॉक्टरबाईंकडे घेऊन गेली, ज्यांचं स्वतःचं कुठलंही मशीन नाही. त्यांनी शांतपणे हाताने तपासलं, दुसरीकडे सोनोग्राफी करायला सांगितली, निघाली साधी पाण्याची गाठ.

मग मी वाचायलाच बसले. काही त्रास नसताना सगळ्याच बायकांची अशी तपासणी करणं, म्हणजे ब्रेस्ट स्क्रीनिंग, यात फायदा जास्त की तोटा असा वाद आहे. ब्रिटनमध्ये या वादावर एक समिती नेमली होती, तिचा अहवाल २०१२ मध्ये आला, आणि तिच्यात मुद्दाम असेच लोक घेतले ज्यांनी ब्रेस्ट स्क्रीनिंगवर आधी काही लिहिलेलंच नव्हतं, म्हणजे कुणाचं काही अडकलेलं नको. त्यांचा हिशेब असा, की पन्नाशीच्या १०,००० बायकांना २० वर्षं तपासणीला बोलावलं तर ४३ जणींचा मृत्यू टळतो आणि १२९ जणींना असा कॅन्सर सापडतो जो त्यांना आयुष्यात कधीच त्रास देणार नव्हता, पण आता ऑपरेशन, रेडिएशन सगळं होतं. ४३ जीव म्हणजे थोडे नाहीत. पण दोन्ही आकडे बाईला आधी सांगा ना! आम्हाला एकही सांगितला नाही.

आणि ऑक्टोबरचा हा ब्रेस्ट कॅन्सर जागृती महिनासुद्धा १९८५ मध्ये अमेरिकेत सुरू झाला तो तिथली कॅन्सर सोसायटी आणि आयसीआय कंपनीचा औषध विभाग यांनी मिळून. टॅमॉक्सिफेन हे ब्रेस्ट कॅन्सरवरचं औषध त्याच कंपनीचं. औषध चांगलंच आहे, कित्येक बायका त्यावर जगल्यात, पण जो पेशंट शोधायला सांगतो तोच औषध विकतो हे माहीत तर असावं.

खरं दुखतं ते पुढचं. मुंबईत टाटाच्या डॉक्टरांनी १९९८ पासून ३५ ते ६४ वयाच्या दीड लाख बायकांवर अभ्यास केला. निम्म्या बायकांना दर दोन वर्षांनी ट्रेनिंग दिलेल्या आरोग्यसेविकांनी फक्त हाताने तपासलं. २०२१ ला निकाल छापून आला. तपासलेल्या गटात तिसऱ्या-चौथ्या स्टेजला सापडलेले कॅन्सर ३७ टक्के, दुसऱ्या गटात ४७. पन्नाशीपुढच्या बायकांत मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी, पन्नाशीच्या आत मात्र तसा ठोस फायदा दिसला नाही. इतकी आपल्या घरची गोष्ट, आणि तिचं होर्डिंग मी एकदाही पाहिलेलं नाही, कारण हातात विकण्यासारखं काय आहे?

यंदाच्या कॅम्पचा मेसेज परवा ग्रुपवर आला. मी खाली लिहिलं, रिपोर्टमध्ये काही निघालं तर पुढची तपासणी कुठे करायची ते आपण ठरवायचं की सेंटरने? आणि हेही लिहिलं, की गाठ लागत असेल, स्तनाग्रातून रक्त येत असेल तर हा वाद आपला नाही, तिने लगेच डॉक्टर गाठायचा. रात्री एकीचा पर्सनलवर फोन आला, चार महिन्यांपासून गाठ लागतेय, घरी सांगितलं नाही. उद्या सकाळी तिला त्याच डॉक्टरबाईंकडे घेऊन चाललेय.