पंच यायच्या आधीचं हसू

मंगळवार, रात्री उशिरा

हसू पंचवर, म्हणजे विनोदाच्या शेवटच्या ठोशावर, आलं नाही. चार सेकंद आधीच आलं. एवढीशी गोष्ट, पण संध्याकाळपासून डोक्यातून जात नाहीये.

एका विनोदवीराच्या कार्यक्रमाची ही क्लिप एव्हाना सगळ्यांनी पाहिली असेल, तरी मांडणी लिहून ठेवते. अडखळत बोलणारा एक माणूस तक्रार नोंदवायला फोन लावतो. पलीकडे यंत्र. यंत्र म्हणतं, 'आपली अडचण थोडक्यात सांगा.' इथे तो ओठ मुडपून 'बि-बि-बि-बि' सुरू करतो, मान झटकतो, डोळे घट्ट मिटतो. मग यंत्राचा थंड आवाज: 'धन्यवाद. आपली तक्रार मिटलेली आहे.' हा पंच. चांगला आहे, मनापासून सांगते. पण सभागृह 'बि-बि'लाच फुटलं, आणि मीही तिथेच फुटले. पंचच्या वाट्याला आला तो उरलासुरला हशा.

ताईला पाठवायला घेतली होती. नाही पाठवली. असो.

ज्यांना विनोद लिहायचं काम येतं ते आपल्याच कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग ऐकताना कागदावर खुणा करत बसतात. मजकूर एका बाजूला, हशा कुठल्या शब्दावर आला ते दुसऱ्या बाजूला. सेटअपचं, म्हणजे पंचच्या आधीच्या मांडणीचं, काम फक्त ताण चढवायचं. तिथेच लोक हसले तर लिहिणाऱ्याने खूश व्हायचं नसतं, थांबून बघायचं असतं की हसले कशाला. पंचचा शब्द वाक्याच्या अगदी टोकाला हवा, त्यानंतर एक अक्षरही नको. मराठीत ही पंचाईत नेहमीची, कारण आपलं क्रियापद शेवटी येऊन बसतं आणि गमतीचा शब्द त्याच्या अलीकडे गुदमरतो. 'तक्रार मिटलेली आहे' मधला 'आहे' काढला तरी फरक पडेल. 'धन्यवाद. तक्रार मिटली.' बघा, लगेच धार आली.

दुसरी कसोटी आणखी सोपी. विनोदातून अपंगत्व काढून घ्या आणि काय उरतं ते बघा. काहीच उरलं नाही तर तो विनोद नव्हता, बोट दाखवणं होतं. इथे मात्र बरंच उरतं: माणसाला पुरेसा वेळ न देता त्याची तक्रार परस्पर मिटवणारी व्यवस्था. ती कुणाला भेटलेली नाही?

म्हणजे विनोद यंत्रावर होता आणि हशा माणसावर आला. हेच खुपतंय. हे पुन्हा पुन्हा लिहिते आहे, कळतंय मला.

नक्कल चुकीची होती, हेही लिहायला हवं. अडखळण्याचे ढोबळ तीन प्रकार. आवाजाची पुनरावृत्ती, 'बि-बि-बिल'. आवाज ताणला जाणं, 'स्स्स्साखर'. आणि तिसरा ब्लॉक: तोंड शब्दाच्या आकारात तयार असतं, पण आवाजच फुटत नाही. बाहेरून बघणाऱ्याला नुसती शांतता दिसते. रंगमंचावर मात्र कायम पहिला प्रकारच येतो, कारण तो ऐकू येतो आणि करायला सोपा असतो. त्यात बोबडं आणि तोतरं यांची सर्रास गल्लत. बोबडं म्हणजे उच्चार बदलणं, 'र'चा 'ल' होणं. तोतरं म्हणजे ओघ तुटणं. दोन्ही एकाच तोंडी घालून हशा घेणारे पाहिलेत की नाही आपण?

आणि खरी मेख पुढे आहे. बोलणं ओळखणारी यंत्रं बऱ्याचदा शांततेवरून ठरवतात की माणसाचं बोलून झालं. ब्लॉक आला की आवाज थांबतो, यंत्राला वाटतं संपलं, आणि ते पुढे सरकतं. म्हणजे या विनोदाचा पाया खरा आहे. पण 'बि-बि-बि' चालू असताना आवाज थांबलेलाच नसतो! मग यंत्राने 'धन्यवाद' म्हणायचं कशाच्या आधारावर? ज्या जागी नक्कल हिणकस झाली, नेमकी त्याच जागी विनोदाची कडीही निसटली. कारागिरीची चूक आणि माणुसकीची चूक एकाच टाक्यात.

हेन्री बर्गसाँ या फ्रेंच तत्त्वज्ञाने 1900 साली हसण्यावर लिहिताना म्हटलं होतं की धडधाकट माणसाला ज्याची नक्कल जमू शकते, ते शारीरिक व्यंग हास्यास्पद ठरू शकतं. पहिल्यांदा वाचताना हे विधान कोरडं वाटतं. मग एकेक उदाहरण त्यात जाऊन बसतं. लंगडणं, चकणं पाहणं, तोतरं बोलणं, हे सगळं कुणालाही दोन मिनिटांत करून दाखवता येतं, म्हणून पिढ्यान् पिढ्या चाललंय. चोवीस तास दुखणाऱ्या मणक्याची नक्कल करून कुणी हशा घेतल्याचं ऐकिवात नाही. बर्गसाँ असंही म्हणतो की हसायला हृदय क्षणभर बधिर व्हावं लागतं. क्षणभर. माझं चार सेकंद झालं होतं.

बुधवार

आज स्वतःची कीव येतेय. विनोद कसा बांधतात हे ज्याला कळतं त्याला धड हसताही येत नाही, आणि हसू आलंच तर धड पचत नाही. बाकीचे सगळे हसून जेवायला गेले. मी हशाच्या खुणा मोजत बसलेय. कुणी सांगितलं होतं?

टॉमस फोर्ड आणि मार्क फर्ग्युसन या मानसशास्त्रज्ञांनी 2004 मध्ये मांडलेलं थोडक्यात असं: हिणवणारा विनोद ऐकून निर्मळ मनात नवा पूर्वग्रह उगवतो असं नाही, ज्याच्या मनात तो आधीच आहे त्याला तो विनोद मोकळीक देतो, की इथे चालतं. हे वाचून बरं वाटायला हवं होतं. उलट प्रश्न असा पडला की मग 'बि-बि'ला माझ्यातल्या कशाला मोकळीक मिळाली.

भाषेवर ढकलून बघितलं. वासरांत लंगडी गाय शहाणी. आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. सबब लंगडी, विश्वास आंधळा. ऐकता ऐकता कान तयार होतात, तिथे 'बि-बि' काय परकं वाटणार? पण हे म्हणजे नाचता येईना अंगण वाकडं. आणि म्हणी काढून टाका, असं मला अजिबात म्हणायचं नाही. 'नकटीच्या लग्नाला' म्हणताना कुणाच्या डोळ्यांसमोर नाक नसतं, विघ्नं असतात. 'बि-बि'च्या वेळी माझ्या डोळ्यांसमोर तोंडच होतं.

मग न्यायालयांकडे वळले, जणू तिथे माझा निकाल तयार असणार. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 8 जुलै 2024 च्या निकालात दोन विनोद वेगळे काढले. एक, अपंगत्वाबद्दलच्या रूढ समजुतींना धक्का देणारा. दुसरा, अपंग माणसाला खाली पाडणारा. रेघ चांगली आहे. फक्त ती कागदावर दोन विनोदांमधून जाते आणि मला हवी होती ती एकाच विनोदाच्या पोटातून. 2016 च्या अपंग हक्क कायद्याचं कलम 92 सार्वजनिक नजरेसमोर मुद्दाम अपमान केला तर सहा महिने ते पाच वर्षं कैद सांगतं. मुद्दाम. इथे मुद्दाम काय होतं? क्लिपमधल्या विनोदवीराने मुद्दाम लिहिला तो यंत्राचा पंच. कॅनडात माइक वॉर्ड नावाच्या विनोदवीराने चेहऱ्यात जन्मजात वेगळेपण असलेल्या एका गायक मुलावर विनोद केले. प्रकरण तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 29 ऑक्टोबर 2021 ला निकाल वॉर्डच्या बाजूने लागला. 5 विरुद्ध 4. नऊ न्यायाधीशांचं एकमत झालं नाही, तिथे मी एकटी रात्री साडेअकराला काय ठरवणार! हे लिहिताना जरा हलकं वाटलं.

'ज्याचं त्याने करावं' हा तोडगा सगळे देतात. अपंगांनी अपंगत्वावर विनोद करावा, इतरांनी करू नये. अर्धा बरोबर आहे. ज्याचं शरीर वेगळं दिसतं तो मंचावर आला की लोक अवघडतात, हसावं की नाही कळत नाही, म्हणून पहिल्या अर्ध्या मिनिटात त्याला स्वतःच तो विषय काढून ताण सोडवावा लागतो. ही सक्तीच असते. तिथून पुढे पायावर विनोद, हातावर विनोद, आणि वीस मिनिटं संपली तरी प्रवासाबद्दल, भाडेकरूंबद्दल, सासरबद्दल त्याला काय म्हणायचं होतं ते राहून जातं.

ब्रिटनमधला ली रिडली बोलू शकत नाही, त्याच्या वतीने यंत्र बोलतं. 2018 मध्ये तिथली मोठी टीव्ही स्पर्धा त्याने जिंकली. अशा सादरीकरणाची कारागिरी बघायला हवी. ओळी आधी भरून ठेवायच्या. ऐन वेळी शब्द फिरवायची सोय नाही, आवाज चढवायची नाही. हातात उरतं एकच: पुढची ओळ केव्हा सोडायची. लवकर सोडली तर ती हशात बुडते, उशीर झाला तर सभागृह थंड पडतं. टायमिंग टायमिंग म्हणतात ते इथे सोलून समोर ठेवलेलं दिसतं.

अडखळणाऱ्या विनोदवीराची अडचण वेगळी. रोजच्या बोलण्यात अडणारा शब्द आला की तो टाळून दुसरा घेता येतो. अनेकजण आयुष्यभर तेच करत असतात, समोरच्याला पत्ताही लागत नाही. दोन ठिकाणी मात्र शब्द बदलता येत नाही. एक पंच. दुसरं स्वतःचं नाव.

यावर आज जास्त नको.

स्टेला यंग 2014 मध्ये म्हणाली होती की मला तुमची प्रेरणा व्हायचं नाही. अपंग माणसाने साधंसं काही केलं तरी डोळे पुसायचे, हा प्रकार तिला नको होता. व्हीलचेअरवर फिरणारी, स्वतः विनोदवीर. तेव्हा रडण्याचेही चार सेकंद असतात म्हणायचे. त्यांचा हिशोब कधी केला नाही मी.

आणि मंच! व्हीलचेअरवर विनोद करावा की नाही यावर तावातावाने चर्चा, आणि मंचाला तीन पायऱ्या. उताराचं साधं प्रमाण 1:12. मंच 60 सेंटिमीटर उंच असेल तर रॅम्प 7.2 मीटर लागतो. तेवढी जागा किती ठिकाणी सोडलेली असते? विनोद वर चढतो, माणूस खाली राहतो.

गुरुवार, पहाटे

क्लिप पुन्हा लावली, या वेळी आवाज बंद ठेवून आणि खाली लिहून येणाऱ्या ओळी (सबटायटल्स) चालू ठेवून. त्यातही घोळ. 'अडचण थोडक्यात सांगा' आणि 'तक्रार मिटलेली आहे' दोन्ही एकाच चौकटीत आले. ज्याला ऐकू येत नाही त्याने पंच आधीच वाचून टाकला, विनोदवीर अजून मान झटकतोय. ओळी तोडणाऱ्याने चौकट वळणाच्या आधी संपवायची असते आणि पंचला नवी द्यायची असते, बोलणारा तोंड उघडेल तेव्हाच. दोन मिनिटांचं काम, कुणी करत नाही.

पण आवाज नसल्यामुळे एक गोष्ट दिसली. त्या चार सेकंदांत 'बि-बि' ऐकूच येत नव्हतं, नुसतं तोंड थांबलेलं वाटत होतं. आणि मग खाली यंत्राचं 'धन्यवाद'. हसले. या वेळी बरोबर जागेवर.

मग आता दुसऱ्याचा विनोद दुरुस्त करत बसलेय, ज्याला कुणी विचारलेलं नाही. यंत्र: 'आपली अडचण थोडक्यात सांगा.' तो तोंड उघडतो. आवाज नाही. हातवारे नाहीत, मान झटकणं नाही, नजर समोर. मनात एक, दोन, तीन, चार मोजायचे. लोक अस्वस्थ होतील, होऊ द्यायचे. तिसऱ्या सेकंदाला कुणीतरी त्याच्या वतीने शब्द पुरवेल, पुरवू द्यायचा. मग 'धन्यवाद. तक्रार मिटली.' आणि टॅग म्हणून, म्हणजे पंचला जोडलेली आणखी एक ओळ म्हणून, पाठोपाठ संदेश: 'ग्राहक समाधानी.'

चार सेकंद जास्त होतात का, कळत नाहीये. साडेतीन करून बघते. ताई उठली की तिला विचारेन.