तुम्ही विचारलंत म्हणून: दूध-अंडी काहीच नाही, मग धावायला ताकद कुठून येते?

धावणाऱ्या मंडळींत कुणाला कळलं की मी मांस-मासे-अंडी तर नाहीच, दूध-दहीसुद्धा खात नाही, की पाच मिनिटांत प्रश्न येतोच. प्रोटीन कुठून घेतेस? कुणी काळजीने विचारतं, कुणी सहज, आणि हल्ली बरेच जण स्वतःलाच असं खायला सुरू करायचंय म्हणून विचारतात. प्रत्येकाला तुकड्यातुकड्यांत सांगत बसते, आज सगळं एका जागी लिहिते.

सात वर्षं झाली मला प्लांट-बेस्ड खाऊन आणि धावतेय मी त्याच्याही आधीपासून. या सात वर्षांत एकदाच मोठा फटका बसला, आणि तो प्रोटीनमुळे नव्हता. मी कमी खात होते. बस, इतकंच. पण हे मला कळायला हाड मोडावं लागलं म्हणून आधी तेच सांगते.

दुसरं वर्ष होतं, पहिल्या मॅरेथॉनची तयारी चालू होती, आठवड्याला साधारण ६० किलोमीटर. ताटभर भाज्या, कडधान्यं, फळं, सगळं ताजं आणि घरचं, आणि पोट अगदी तुडुंब भरायचं. वजन हळूहळू उतरत होतं, पेस (धावण्याचा वेग) सुधारत होता, सगळे छान म्हणत होते. मग पहाटे तीनला जाग यायला लागली, जिना चढताना पाय जड वाटायचे, दोन महिने पाळी आली नाही आणि मला वाटलं ट्रेनिंग जास्त आहे ना, होतं असं. मग नडगीवर एका बोटाएवढ्या जागी दुखायला लागलं, दाबलं की कळ यायची, तरी मी आणखी दहा दिवस धावले. स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या ताणाने हाडाला गेलेली बारीक चीर. आठ आठवडे धावणं बंद.

त्यानंतर एका आहारतज्ज्ञ बाईंनी माझ्यासोबत बसून साधा हिशोब मांडला. धावताना एका किलोमीटरला वजनाच्या दर किलोमागे साधारण एक कॅलरी जाते. माझं वजन तेव्हा ५६, म्हणजे ६० किलोमीटरच्या आठवड्यात ३३६० कॅलरी, रोजच्या हिशोबाने जवळपास ४८० जास्तीच्या. आणि मी खात होते धावत नसताना खायचे तेवढंच! उलट कमीच, कारण भाज्या आणि कडधान्यांत फायबर आणि पाणी इतकं असतं की पोट भरतं पण कॅलरी तेवढ्या पोटात जातच नाहीत. हाच या आहाराचा खरा खड्डा आहे. एरवी ज्या गोष्टीसाठी लोक याचं कौतुक करतात, लवकर पोट भरतं, वजन आटोक्यात राहतं, तीच गोष्ट भरपूर धावणाऱ्या माणसाला उपाशी ठेवते आणि त्याला कळतही नाही, कारण भूक लागलेलीच नसते.

याला एक नावही आहे, रेड-एस, म्हणजे खेळाडूला लागते त्यापेक्षा कमी ऊर्जा मिळत राहिली की शरीर एकेक खातं बंद करत जातं, पाळी, हाडं, प्रतिकारशक्ती, झोप, मूड. २०१४ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने हे नाव मांडलं, त्याआधी हे फक्त बायकांचं दुखणं समजायचे, पण पुरुषांनाही होतं, फक्त त्यांच्याकडे पाळीसारखी उघड खूण नसते म्हणून ते आणखी उशिरा सापडतात. आणि हे मांसाहारी धावपटूंनाही होतं बरं का. आपल्या आहारात ते नकळत व्हायची शक्यता जास्त एवढंच.

म्हणून आता मला कुणी प्रोटीनचं विचारलं की मी आधी उलट विचारते, दिवसाला एकूण किती खाता? दोन-तीन दिवस प्रामाणिकपणे लिहून काढा. कायम मोजत बसू नका, ज्यांचं खाण्याशी नातं आधीच नाजूक आहे त्यांनी तर मोजूच नये, थेट तज्ज्ञाकडे जावं. पण एकदा अंदाज आला की कळतं कुठे भर घालायची. मी भर घातली ती दाट खाण्याची, दाणे, पीनट बटर, तीळ, खजूर, तेल सढळ हाताने, आणि भात-बटाटा-ब्रेड याला घाबरणं सोडलं. सॅलड आधी खायचे ते आता शेवटी खाते. साधी गोष्ट आहे पण माझ्यासाठी फार फरक पडला.

कार्बोहायड्रेट्सबद्दल तर आपण नशीबवानच. स्नायू आणि लिव्हरमध्ये मिळून ग्लायकोजेनचा, म्हणजे कार्बोहायड्रेट्सपासून (कार्ब्स) शरीराने साठवलेल्या इंधनाचा साठा साधारण ४०० ते ५०० ग्रॅम असतो आणि लांब पळताना तोच संपत जातो. रोज तासभर धावणाऱ्याला वजनाच्या किलोमागे ५ ते ७ ग्रॅम कार्ब्स लागतात, दिवसाला दोन-तीन तास असतील तर ८-१० पर्यंतही. धान्यं, कंद, फळं खाणाऱ्याला हे जमवणं सोपं आहे. फक्त एक गोष्ट उलटी करायची, लाँग रनच्या आदल्या संध्याकाळी आणि त्या सकाळी फायबर कमी. राजमा, कोबी, कोंड्यासकटचं धान्य इतर दिवशी खा ना, त्या दिवशी पांढरा भात, सोललेला बटाटा, पांढरा ब्रेड, पिकलेलं केळं. वर्षभर "पांढरं नको" ऐकलेल्या माणसाला हे पटत नाही, मलाही पटायचं नाही, पण अठराव्या किलोमीटरला पोटात मुरडा आला की लगेच पटतं. आणि दीड तासाच्या वर धावणार असाल तर धावताना तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्ब्स पोटात जायलाच हवेत. दोन खजूर म्हटले तर मोठ्या आकाराचे असतील तर तीसेक ग्रॅम होतात. पण शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा काही खाऊन बघू नका, पोटालाही सराव लागतो.

आता प्रोटीन, कारण तुम्ही विचारलंय. साध्या माणसाला किलोमागे ०.८ ग्रॅम पुरतं, धावणाऱ्यांना १.२ ते २ पर्यंत सांगतात. वनस्पतींतलं प्रोटीन पचायला थोडं मागे असतं म्हणून मी दीडच्या आसपास धरते, म्हणजे मला ८४ ग्रॅम. वाटीभर नाही, मोठा कपभर शिजलेली मसूर म्हणजे १८ ग्रॅम, ग्लासभर सोया दूध ७, मूठभर शेंगदाणे ७-८, टोफूचा बऱ्यापैकी तुकडा १२-१५, आणि धान्यांतून थोडं थोडं मिळत राहतं ते लोक मोजायला विसरतात. पुरेसं खाल्लं की हे होऊन जातं. फक्त दिवसभरात विभागून घ्या, एकाच जेवणात सगळं नको, आणि रनच्या नंतर एक-दोन तासांत वीसेक ग्रॅम मिळेल असं बघा. प्रोटीन ज्या अमिनो आम्लांपासून बनतं त्यांपैकी धान्यांत लायसिन कमी, कडधान्यांत मेथिओनिन कमी, म्हणून दोन्ही खायचं, पण एकाच ताटात एकाच वेळी जुळवायची गरज नाही, दिवसभरात दोन्ही आलं की झालं. सोया ज्याला चालतं त्याचं काम फारच हलकं होतं, त्यात सगळी आवश्यक अमिनो आम्लं चांगल्या प्रमाणात असतात.

मला ज्याची खरी काळजी वाटते ते म्हणजे लोह. फ्रॅक्चरच्या वेळी रक्त तपासलं तेव्हा हिमोग्लोबिन ठीक होतं पण फेरिटिन ११. फेरिटिन म्हणजे लोहाचा साठा. हिमोग्लोबिन शेवटी पडतं, साठा आधी रिकामा होतो, म्हणून नुसतं हिमोग्लोबिन बघून "सगळं छान आहे" म्हणून घरी येऊ नका, फेरिटिन मागून घ्या. आणि ते कठीण वर्कआउटच्या दुसऱ्या दिवशी किंवा तापात तपासू नका, शरीरात सूज असली की आकडा खोटाच वर दिसतो.

धावणाऱ्याचं लोह बऱ्याच वाटांनी जातं, घामातून थोडं, आतड्यातून थोडं, पाय आपटून लाल पेशी फुटतात त्यात थोडं, बायकांचं पाळीतून. त्यात वनस्पतींतलं लोह शरीर कमी शोषतं, म्हणून शाकाहारी लोकांसाठी गरज १.८ पट धरायची असं म्हणतात. पण हे शोषण आपल्या हातात बरंच आहे. लिंबू, संत्रं, पेरू, टोमॅटो, ढोबळी मिरची असं काहीतरी क जीवनसत्त्वाचं त्याच जेवणात घेतलं की शोषण चांगलंच वाढतं. चहा-कॉफी जेवणाबरोबर घेतली की पडतं, तासाभराचं अंतर ठेवा. मला चहा फार प्रिय आहे, त्यामुळे हे अंतर पाळणं सगळ्यात जड गेलं. कडधान्यं भिजवून मोड आणले की त्यातलं फायटेट कमी होतं, तेही लोह अडवतं. आणखी एक गोष्ट जी मला फार उशिरा कळली, जोरात धावून आल्यावर ३ ते ६ तासांनी हेप्सिडिन नावाचं हार्मोन वाढलेलं असतं आणि ते आतड्यातलं लोहाचं दार बंद करतं. म्हणून मी लोहाची गोळी घ्यायचे तेव्हा सकाळी रनच्या आधी किंवा लगेच नंतर घ्यायचे, दुपारी नाही. पण गोळी तपासणीशिवाय आणि डॉक्टरांना न विचारता घेऊ नका प्लीज, जास्तीचं लोह शरीराला बाहेर टाकता येत नाही आणि काहींच्या शरीरात ते साठत जाऊन लिव्हरला त्रास होतो. माझं फेरिटिन ४०च्या वर यायला पाच महिने लागले. धावताना जो एक जडपणा होता, ज्याला मी वय समजत होते, तो गेला.

बी-१२ वर मी वाद घालत नाही. गोळी घ्यायची. हे जीवनसत्त्व ना झाडं बनवतात ना प्राणी, जिवाणू बनवतात, आणि वनस्पतींत भरवशाचा असा एकही स्रोत नाही. स्पिरुलिनात आहे, शेवाळात आहे असं कुणी सांगितलं तर त्यातलं बरंचसं नुसतं दिसायला बी-१२ सारखं असतं, शरीराला उपयोगी पडत नाही. फसवणारी गोष्ट अशी की लिव्हरमध्ये साठा काही वर्षं पुरतो, त्यामुळे पहिली दोन-तीन वर्षं माणूस म्हणतो मला तर काहीच झालं नाही, आणि मग हातापायाला मुंग्या येतात, तोल जातो. त्यात आपल्या खाण्यात फोलेट (आणखी एक ब जीवनसत्त्व) भरपूर असतं, ते रक्तक्षय झाकून टाकतं आणि नसांचं नुकसान आत चालूच राहतं. रोजची गरज २.४ मायक्रोग्रॅमच आहे पण एका वेळी शरीर जेमतेम दीड-दोन मायक्रोग्रॅम नीट शोषतं, बाकीच्यातलं साधारण एक टक्का, म्हणून गोळ्यांवरचे आकडे एवढे मोठे असतात, घाबरू नका. रोज छोटी किंवा आठवड्याला २००० मायक्रोग्रॅमची, दोन्ही चालतं, मी आठवड्याची घेते, रविवारी रनच्या बुटांत ठेवते म्हणजे विसरत नाही.

बाकीचं पटकन. कॅल्शियमसाठी पालकावर विसंबू नका, त्यातल्या ऑक्झॅलेटमुळे जेमतेम पाच टक्के शोषलं जातं, कॅल्शियमने जमवलेला टोफू, तीळ, आणि कॅल्शियम घातलेलं सोया दूध बरं, ते ओतायच्या आधी हलवा कारण कॅल्शियम तळाशी बसतं. ड जीवनसत्त्व तपासून घ्या, लायकेनपासून (दगडफुलासारख्या वनस्पतीजन्य स्रोतापासून) बनवलेलं डी-३, म्हणजे ड जीवनसत्त्वाचाच एक प्रकार, मिळतं. मीठ आयोडीनयुक्तच. जवस, अक्रोड, चिया यांतलं ओमेगा-३ शरीर डीएचएमध्ये (माशांत असतं त्या प्रकारच्या ओमेगा-३ मध्ये) फार थोडं बदलतं, हवं असेल तर शेवाळापासूनचं तेल मिळतं. क्रिएटिन (स्नायूंना झटक्यात जोर लावायला मदत करणारा पदार्थ) वनस्पतींत नसतंच, पण लांब पल्ल्याच्या धावपटूला त्यावाचून चालतं.

आणि "हे मोठ्या अंतराला जमतं का" असं विचारणाऱ्यांना मी अमेरिकन अल्ट्रा-धावपटू स्कॉट ज्युरेकचं उदाहरण सांगते. १६० किलोमीटरची वेस्टर्न स्टेट्स शर्यत त्याने १९९९ ते २००५ सलग सात वेळा जिंकली, आणि १९९९ पासूनच तो पूर्ण वनस्पतीजन्य आहारावर आहे. यावरून आहारामुळे जिंकला असं मी म्हणणार नाही, तो विलक्षण माणूस आहे. आहार आड आला नाही एवढं मात्र नक्की.

परवा एकीने विचारलं, पाळी तीन महिने आलेली नाही पण धावणं मस्त चाललंय, प्रोटीन पावडर कुठली घेऊ? मी तिला पावडरचं काहीच सांगितलं नाही. या आठवड्यात डॉक्टरकडे जा, खूप धावतेस हे आपणहून सांग, फेरिटिन, बी-१२ आणि ड तपासून घे, आणि तोवर मायलेज (आठवड्याचं अंतर) निम्मं कर आणि रोज दोन वेळा जास्तीचं खा, भूक नसली तरी. तुमच्यापैकी कुणाचं असं चालू असेल तर तुम्हालाही हेच सांगेन.