पिकॅडिली लाइनने क्वीनच्या मागावर: फेल्टम ते फिन्सबरी पार्क

लंडनला जाणारे क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचे बहुतेक चाहते पहिल्यांदा केन्सिंग्टनच्या लोगन प्लेसमधली, गायक फ्रेडी मर्क्युरीच्या घराची भिंत गाठतात आणि मग वेंब्लीला जातात. या दोन्ही ठिकाणी बँड कसा उभा राहिला याची काहीच कल्पना येत नाही. लोगन प्लेसचे घर फ्रेडी मर्क्युरीने 1980 मध्ये घेतले, तोवर क्वीन जगभर पोचले होते. आजचे वेंब्ली स्टेडियम तर 2007 चे आहे. 1985 आणि 1986 साली क्वीन जिथे गाजले ते जुने स्टेडियम कधीच पाडले गेले.

ज्यांना 1964 ते 1974 ही दहा वर्षे, म्हणजे चार विद्यार्थ्यांचा बँड होईपर्यंतचा काळ पाहायचा आहे, त्यांनी ट्यूबची, म्हणजे लंडनच्या भुयारी रेल्वेची, पिकॅडिली लाइन धरावी. हॅटन क्रॉस, साऊथ ईलिंग, साऊथ केन्सिंग्टन, पिकॅडिली सर्कस, फिन्सबरी पार्क: स्टेशनांचा हा क्रम जवळपास घटनांचाच क्रम आहे. पश्चिमेकडून पूर्वेकडे जायचे, उलट नाही. दोन दिवस पुरतात. मुक्कामाला अर्ल्स कोर्ट किंवा हॅमरस्मिथ ठेवले की दोन्ही दिवस हीच लाइन हाताशी राहते.

आपल्याकडच्या लोकांना पहिला थांबा विमानात बसण्याआधीच उरकता येतो, तो म्हणजे पाचगणी. झांझिबारमध्ये 1946 साली जन्मलेल्या फारुख बुल्साराला आईवडिलांनी वयाच्या आठव्या वर्षी इथल्या सेंट पीटर्स शाळेत पाठवले. ‘फ्रेडी’ हे नाव त्याला इथेच मिळाले. पियानो इथेच पक्का झाला आणि 1958 च्या सुमारास शाळेतल्या चार मित्रांबरोबर ‘द हेक्टिक्स’ हा त्याचा पहिला बँडही इथेच झाला. त्यात तो गायक नव्हता, पियानोवर होता, हे ध्यानात ठेवा. पुढे साथीदारांना आपण मुख्य गायक व्हायला हवे हे पटवून देणारा माणूस सुरुवातीला वाद्यामागे बसलेला होता. स्वारगेटहून महाबळेश्वरला जाणारी एसटी वाईवरून पसरणी घाट चढून पाचगणीला थांबते. शाळा चालू आहे, ते प्रेक्षणीय स्थळ नाही, त्यामुळे आधी लेखी परवानगी घेतली नसेल तर फाटकापलीकडे जाऊ देतील ही अपेक्षा ठेवू नका. जुलै-ऑगस्टमध्ये धुक्यात फाटकसुद्धा दिसत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा.

लंडनच्या प्रवासाची तयारी निघण्यापूर्वीच करा. ट्यूब आणि बसला भारतीय बँकेचे कॉन्टॅक्टलेस कार्ड चालते, पण आपल्याकडच्या कार्डांवर परदेशी व्यवहार आणि कॉन्टॅक्टलेस हे दोन्ही बंद असू शकतात. बँकेच्या अ‍ॅपमधून दोन्ही चालू करून घ्या, नाहीतर गेट उघडणार नाही. माणशी एक कार्ड लागते, एका कार्डावर दोघांना आत जाता येत नाही. सकाळी कार्ड टेकवले आणि संध्याकाळी त्याच कार्डाचा फोन टेकवला, तर यंत्रणा त्यांना दोन वेगळे प्रवासी धरते, दिवसाची कमाल भाडेमर्यादा लागू होत नाही आणि पैसे जास्त कापले जातात. दिवसभर एकच वस्तू वापरा. ट्यूबला चढताना आणि उतरताना दोन्ही वेळा टेकवायचे, बसला फक्त चढताना.

पहिल्या दिवशी सकाळी हॅटन क्रॉसला उतरा. स्टेशनबाहेरून 285 क्रमांकाची बस फेल्टमला जाते. डोक्यावरून हीथ्रोची विमाने सतत जात असतात. फ्रेडीने विद्यार्थीदशेत त्याच विमानतळावर सामान चढवण्या-उतरवण्याचे कामही केले होते. जानेवारी 1964 च्या क्रांतीनंतर बुल्सारा कुटुंब झांझिबार सोडून फेल्टमला आले. 22 ग्लॅडस्टोन अ‍ॅव्हेन्यू या घरावर इंग्लिश हेरिटेज या वारसा जपणाऱ्या संस्थेने 2016 मध्ये निळा स्मृतिफलक लावला. त्यावर ‘फ्रेडी मर्क्युरी’च्या खाली कंसात ‘फ्रेड बुल्सारा’ लिहिले आहे. फेल्टम स्टेशनवरून चालत पंधरा-वीस मिनिटे लागतात. हे राहते घर आहे, गल्ली अरुंद आणि शांत आहे. समोरच्या फुटपाथवरून फोटो घ्या, दार वाजवू नका, गाणी लावू नका, पाच-सहा जणांचा घोळका करून उभे राहू नका. दहा मिनिटांत काम होते.

फेल्टमला केवळ या फलकासाठी यायचे नाही. क्वीनचा गिटारवादक ब्रायन मे इथूनच काही गल्ल्या पलीकडे वाढला. तो आणि फ्रेडी तेव्हा एकमेकांना ओळखत नव्हते. 1963 च्या ऑगस्टमध्ये शाळकरी ब्रायन आणि त्याचे वडील हॅरोल्ड यांनी घरीच गिटार बनवायला घेतली, आणि ती पुरी व्हायला सुमारे दोन वर्षे लागली. फेंडर कंपनीची नवी गिटार परवडणारी नव्हती, हे खरे कारण. गळ्याचे लाकूड एका जुन्या शेकोटीच्या चौकटीतले महोगनी. खोडाच्या मधल्या भागात जुन्या टेबलाचे ओक. ट्रेमोलोला, म्हणजे तारांचा ताण बदलून स्वर डोलवणाऱ्या यंत्रणेला, मोटरसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा आणि धारेवर डोलणारी पोलादी पट्टी. तिच्या दांड्याच्या टोकाला स्वेटर विणायच्या सुईचे टोक. गळ्यावरच्या खुणा आईच्या शिवणाच्या डब्यातल्या शिंपल्याच्या बटणांच्या. विकत घेतले ते मुख्यतः बर्न्स कंपनीचे तीन पिकअप, म्हणजे तारांची कंपने विजेच्या संकेतांत बदलणारे भाग. प्रत्येक पिकअपला चालू-बंद आणि फेज (संकेताची लहर उलटी करणारा) असे दोन स्वतंत्र स्विच आहेत. दोन पिकअप उलट फेजला जोडले की काही स्वर एकमेकांना खोडतात आणि उरतो तो नाकातून आल्यासारखा, टोकदार आवाज. खोड आतून अंशतः पोकळ असल्यामुळे अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज परत तारांत शिरतो आणि स्वर लांबत राहतो, आणि नेमके हेच बापलेकांना हवे होते. त्यात प्लॅस्टिकच्या नखीऐवजी जुने सहा पेन्सचे नाणे. क्वीनचा आवाज बँड होण्याच्या पाच वर्षे आधी या वस्तीत तयार झाला होता. गिटार पाहायला मिळणार नाही, पण इथली घरे पाहिली की दोन वर्षे एका छोट्या खोलीत लाकूड तासणे म्हणजे काय ते समजते.

परतीला पुन्हा 285 ने हॅटन क्रॉस, तिथून ट्यूबने साऊथ ईलिंग. दुपारी हीथ्रोकडून येताना गोंधळ नाही. उलट बाजूने, म्हणजे मध्य लंडनकडून कुणी येत असेल तर जपा: अ‍ॅक्टन टाऊनला लाइन फुटते, आणि अक्सब्रिज किंवा रेनर्स लेनची गाडी पकडली तर ती ईलिंग कॉमनला जाते. ईलिंग नावाची पाच स्टेशने आहेत. तुम्हाला हवे ते साऊथ ईलिंग. तिथून सरळ उत्तरेला दहा मिनिटे चाललात की सेंट मेरीज रोडवर युनिव्हर्सिटी ऑफ वेस्ट लंडन लागते. पूर्वीचे ईलिंग आर्ट कॉलेज ते हेच. ‘द हू’ या बँडचा पीट टाऊनसेंड आणि पुढे रोलिंग स्टोन्समध्ये गेलेला रॉनी वूड हेही इथलेच. फ्रेडीने 1969 मध्ये इथून ग्राफिक डिझाइनचा डिप्लोमा घेतला. दोन सिंह, खेकडा, दोन पऱ्या आणि वर फिनिक्स असलेले क्वीनचे बोधचिन्ह पुढे त्यानेच काढले. ही चौघांच्या राशींची चित्रे आहेत. सिंह बेसवादक जॉन डीकन आणि ड्रमर रॉजर टेलर यांचे, खेकडा ब्रायन मेचा, पऱ्या कन्या राशीच्या फ्रेडीच्या.

पण ईलिंगचे खरे महत्त्व टिम स्टॅफेलमुळे. तो फ्रेडीचा वर्गमित्र, आणि त्याच वेळी ब्रायन मेच्या ‘स्माइल’ या बँडचा गायक व बेसवादक. फ्रेडी स्माइलच्या तालमींना जाऊ लागला तो त्याच्यामुळे. फेल्टममध्ये काही गल्ल्यांच्या अंतरावर राहणारी दोन मुले भेटली ती ईलिंगमार्गे.

पुढचा थांबा साऊथ केन्सिंग्टन. स्टेशनातून संग्रहालयांकडे जाणारा पादचारी बोगदा थेट एक्झिबिशन रोडवर आणतो, पावसात हाच घ्या. रस्ता चढत जायचे आणि डावीकडे प्रिन्स कॉन्सर्ट रोडवर वळायचे. उजव्या हाताला बीट क्वाड, इंपीरियल कॉलेजच्या विद्यार्थी संघाची इमारत. ब्रायन इथे भौतिकशास्त्र शिकत होता. 1968 मध्ये ड्रमर हवा म्हणून त्याने कॉलेजच्या सूचनाफलकावर कागद लावला, आणि तो दंतवैद्यकाचा विद्यार्थी रॉजर टेलरपर्यंत पोचला. 1970 च्या वसंतात स्टॅफेलने स्माइल सोडले, फ्रेडी गायक झाला आणि नाव ‘क्वीन’ ठरले. 18 जुलै 1970 ला लंडनमधला पहिला कार्यक्रम इथेच झाला. त्याचा फलक 2013 मध्ये लागला. सत्र चालू असताना आवारात ये-जा सहज असते, पण परीक्षांच्या दिवसांत आणि रात्री ओळखपत्र विचारतात. दारावरच्या माणसाला फलक पाहायचा आहे असे सरळ सांगा.

इथून मागच्या रॉयल अल्बर्ट हॉलवरून पश्चिमेला चालत राहा, उजवीकडे केन्सिंग्टन गार्डन्स. दहा-बारा मिनिटांत केन्सिंग्टन हाय स्ट्रीट लागतो. 49 ते 53 क्रमांकांच्या जागी केन्सिंग्टन मार्केट होते, तिथे फ्रेडी आणि रॉजर जुन्या कपड्यांचा गाळा चालवत. मार्केट 2000 मध्ये बंद झाले, इमारत पाडली गेली, खूण काही नाही. मात्र मागची केन्सिंग्टन स्क्वेअर चुकवू नका, यंग स्ट्रीटमधून दोन मिनिटे. इथल्या मारिया असंप्टा कॉलेजमधल्या डिस्कोत 1971 च्या सुरुवातीला जॉन डीकन त्यांना भेटला. तोवर एका वर्षाच्या आत माइक ग्रोस, बॅरी मिचेल आणि डग बोगी असे तीन बेसवादक येऊन गेले होते. डीकन इलेक्ट्रॉनिक्स शिकत होता, वादन नेमके, बोलणे कमी. हा चौथा टिकला आणि मग 1991 पर्यंत एकही बदल झाला नाही. पहिल्या अल्बमवर मात्र त्याचे नाव ‘डीकन जॉन’ असे उलटे छापले गेले.

पहिला दिवस इथे संपतो. शनिवार-रविवारी पिकॅडिली लाइनचे काही भाग दुरुस्तीसाठी बंद असू शकतात. आदल्या रात्री टीएफएल या लंडनच्या वाहतूक संस्थेचे पान पाहिल्याशिवाय निघू नका. मंगळवार ते गुरुवार उत्तम.

दुसऱ्या दिवशी पिकॅडिली सर्कसला उतरून सोहोत शिरा. वॉर्डोर स्ट्रीट आणि डीन स्ट्रीट यांना जोडणारी सेंट अ‍ॅन्स कोर्ट ही बोळ नकाशावर दिसते, पण चालताना सहज मागे पडते. 17 क्रमांकात ट्रायडंट स्टुडिओ होता. बीटल्सचे ‘हे ज्यूड’ 1968 मध्ये इथे रेकॉर्ड झाले, आणि दारावरचा फलक गायक डेव्हिड बोवीचा आहे. तो पाहून चुकीच्या जागी आलो असे समजू नका. 1972 मध्ये क्वीनने रेकॉर्डिंग, प्रकाशन आणि व्यवस्थापन हे तिन्ही करार ट्रायडंटशीच केले. म्हणजे बँडच्या बाजूने पैसे मागणारा आणि पैसे देणारा एकच. पुढच्या तीन वर्षांच्या भांडणाचे मूळ या एका गोष्टीत आहे. स्टुडिओही मिळायचा तो पैसे भरणारी गिऱ्हाइके गेल्यावर, बऱ्याचदा रात्री उशिरा. कामाचे तुकडे पडले, अल्बम 13 जुलै 1973 ला आला, आणि आतली काही गाणी तोवर त्यांच्यासाठी दोन-तीन वर्षांची जुनी झाली होती. जवळच 90 वॉर्डोर स्ट्रीटला मार्की क्लब होता, तिथे 9 एप्रिल 1973 ला ईएमआय या रेकॉर्ड कंपनीने त्यांना लोकांसमोर आणले. आज क्लब नाही, ‘द हू’चा ड्रमर कीथ मून याचा फलक आहे. सकाळी दहाच्या आत या, दुपारी या बोळीत फोटोसाठी जागाच उरत नाही.

एक थांबा या लाइनवर बसत नाही, तो ट्रुरो. रॉजरचे गाव, कॉर्नवॉलमध्ये. 27 जून 1970 ला तिथल्या सिटी हॉलमध्ये रेडक्रॉसच्या मदतीसाठी रॉजरच्या आईने ठरवलेला कार्यक्रम झाला. जाहिरातीत नाव ‘स्माइल’, मंचावर मे, टेलर, ग्रोस आणि फ्रेडी. क्वीनचा पहिला कार्यक्रम तो हाच. आज ती इमारत ‘हॉल फॉर कॉर्नवॉल’ हे नाट्यगृह आहे. पॅडिंग्टनहून रेल्वेने साडेचार तासांच्या आसपास लागतात, एका दिवसात जाऊन येणे दमवते. आगाऊ तिकिटे साधारण बारा आठवडे आधी खुली होतात आणि आयत्या वेळच्या तिकिटापेक्षा खूपच स्वस्त पडतात, पण ती ठरलेल्याच गाडीला चालतात. शनिवार सोडून रोज रात्री पॅडिंग्टनहून झोपण्याची सोय असलेली गाडी निघते, तिने गेलात तर हॉटेलची एक रात्र वाचते. स्टेशनवरून गावात उतार आहे, परतताना तोच चढ, तेव्हा गाडीला वीस मिनिटे राखा. लेमन की चौकात ढोल वाजवणाऱ्या माणसाचा मोठा पुतळा आहे. तो रॉजर टेलरचा नाही.

लंडनला परत: सोहोहून पुन्हा पिकॅडिली सर्कस, आणि फिन्सबरी पार्क. सेव्हन सिस्टर्स रोडवर रेनबो थिएटरची इमारत, 1930 सालची. क्वीन इथे आले 31 मार्च 1974 ला, ब्रिटनमधल्या स्वतःच्या पहिल्या मोठ्या दौऱ्याच्या शेवटी. फेब्रुवारीत बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या संगीत कार्यक्रमात ऐन वेळी रिकामी झालेली जागा त्यांना मिळाली होती आणि ‘सेव्हन सीज ऑफ राय’ हे गाणे ब्रिटनच्या लोकप्रियतेच्या यादीत दहाव्या क्रमांकावर गेले होते. त्याच वर्षीच्या इथल्या कार्यक्रमांचे ध्वनिमुद्रण 2014 मध्ये प्रसिद्ध झाले. ते ऐकून जा, म्हणजे इमारतीसमोर उभे राहिल्यावर कानात काहीतरी असेल. आता तिथे चर्च आहे. प्रार्थनेच्या वेळी दार उघडे असते. दाराशी असलेल्या माणसाला विचारून आत गेलात तर मूरिश (स्पेनमधल्या जुन्या अरबी) धाटणीची लॉबी आणि मधले कारंजे दिसते. प्रार्थना चालू असताना कॅमेरा काढू नका. बाहेरचा पूर्ण फोटो रस्त्याच्या पलीकडूनच येतो. तिथून फिन्सबरी पार्क स्टेशन चालत पाच मिनिटे, आणि त्याच दिवशी विमान असेल तर हीच लाइन गाडी न बदलता हीथ्रोला नेते. सव्वा तास धरा, आणि गाडी तुमच्या टर्मिनलला जाते का ते फलाटावरच्या पाटीवर वाचून मगच चढा.