बावधनचा लाकडी टँक

ऑगस्टमधला रविवार. खडकवासल्यातून विसर्ग सुरू होता, भिडे पूल पाण्याखाली गेला होता. सकाळी सातला बावधनच्या काकूंचा फोन आला, "अहो, टँकची भिंत आत आलीय. लवकर या."

आठवड्यापूर्वीच मी तो पोहण्याचा टँक पाहून आलो होतो. निघताना दोनदा सांगितलं होतं, पाऊस ओसरेपर्यंत पाणी उपसू नका. पण शेवाळ फार झालं म्हणून माळ्याने शनिवारी रात्री पंप लावला, पहाटेपर्यंत टँक रिकामा.

असा टँक पुण्यात मी हा एकच पाहिला. काका मिशिगनला नोकरीत होते. तिकडे ही पद्धत आहे: खड्डा खणायचा, साडेतीन फुटी लाकडी चौकटी उभ्या करायच्या, त्यावर औषध मुरवलेला प्लायवूड ठोकायचा आणि आतून विनाइलचं लायनर, म्हणजे पाणी धरणारं प्लास्टिकचं अस्तर. १९८६ साली परत आल्यावर त्यांनी इथे तसाच बांधला. ही भिंत एकटी उभी राहत नाही. बाहेरून माती रेटते, आतून पाणी रेटतं, त्या दोघांत ती टिकते. बावधनला वर मुरूम, खाली काळा पाषाण. डोंगराचं पाणी पाषाणावरून सरकत येऊन भिंतीमागे तुंबतं. साडेतीन फूट तुंबलं की दर मीटर लांबीला साडेपाचशे किलोंच्या वर रेटा बसतो.

गेलो तेव्हा लांब भिंतीचा मधला आठेक फूट भाग हातभर आत झुकला होता, तळाचं लायनर खालच्या पाण्याने फुगलं होतं. आधी आतून बल्ल्यांचे तिरके टेकू दिले. मग लायनर वरून सोडवून प्लायवूडला पेचकस लावून पाहिला. वरच्या अंगाला लाकूड खणखणीत. तळाच्या सहा इंचात मात्र पेचकस मुठीपर्यंत गेला. चहात बुडवलेल्या खारीसारखं लाकूड हातात आलं.

काढलेले तुकडे माळ्याची बायको बंबासाठी गोळा करत होती. मी धावत जाऊन थांबवलं. त्या लाकडात मुरवलेल्या औषधात तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक असतं, त्याचा धूर आणि राख दोन्ही विषारी. हे औषध आपल्याच देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेशम यांनी १९३३ साली शोधलं. वाळवी लागत नाही, म्हणूनच भिंत इतकी वर्षं टिकली. फक्त कापलेल्या कडेला ते पुन्हा लावावं लागतं. बहुधा तेच राहिलं असावं, कारण कूज नेमकी खालच्या कापलेल्या कडेपासून वर चढली होती.

तरी मला चैन पडेना. इतका काटेकोर माणूस भिंतीमागच्या पाण्याची सोय केल्याशिवाय राहील कसा? काकूंनी कपाटातून काकांची फाईल काढली. ड्रॉइंगमध्ये भिंतीच्या पायाशी भोकं पाडलेला पाइप होता, उताराकडे जाऊन कुंपणाबाहेर उघडणारा. आम्ही तिथे गेलो. नंतर बांधलेल्या कंपाउंडच्या भरावात त्याचं तोंड गाडलं गेलं होतं. अर्धा तास पहारीने खणलं, जांभळाची मुळं तोडली, आणि तोंड फुटलं. आधी गढूळ लाल, मग नितळ, संध्याकाळपर्यंत पाणी वाहत होतं. काकू छत्री धरून तिथेच उभ्या होत्या. म्हणाल्या, "हे दर मे महिन्यात स्वतः खाली जाऊन यायचे. मला वाटायचं, फिरायला जातात."

पाइप वाहता झाल्यावर दोन टँकर मागवून तळाला पाणी सोडलं आणि लायनर बसवून घेतलं. खरी दुरुस्ती डिसेंबरात केली. भिंतीमागे दोन फुटी चर खणून कुजलेला भाग काढला, जुन्या खांबांना जोडखांब दिले, नव्या प्लायवूडच्या प्रत्येक कापाला औषध पाजलं. चर भरताना मातीऐवजी खडी घातली.

काकांच्या फायलीत आता आमची नवी मापंही लावून ठेवली आहेत.