सत्ती, छक्की, पंजी, चव्वी, तिर्री

सोलापूरला कोणी विचारलं की सासूबाई सांगतात, "सून हॉटेलात आहे." खोटं नाही ते. पोकर रूम हॉटेलातच आहे. फक्त मी तिथे रिसेप्शनला नाही, पत्ते वाटते. लास वेगासला नवऱ्याच्या नोकरीमुळे आले, मुलगी शाळेत जायला लागल्यावर डीलरचं शिक्षण घेतलं, आणि आता सहा वर्षं रात्रपाळीला हात चालतात.

ही गोष्ट जून 2023 ची. उन्हाळ्यात इथे वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर भरते. त्या वर्षी ती हॉर्सशू आणि पॅरिस या शेजारशेजारच्या हॉटेलांत होती. तिकडे हरलेली, दमलेली किंवा नुसती बघून कंटाळलेली माणसं रात्री आमच्यासारख्या लहान रूममध्ये येतात. त्या रात्री आठ जणांचा एक घोळका आला. बहुतेक सत्तरीच्या पुढचे, एकमेकांचे जुने मित्र. त्यांना होल्डेम नको होतं. त्यांना स्टड हवा होता, तोही हाय-लो, आठच्या खालचा. लिमिट 4-8 डॉलर, म्हणजे बेट आधी चारची, पाचव्या पानापासून आठची. आमच्याकडे हा खेळ महिन्यातून एखाद वेळी लागतो. फ्लोरवरच्या साहेबांनी यादी बघितली आणि मला पाठवलं.

दिवाळीत तीन पत्ती खेळलेल्यांना समजवायचं तर असं: एकाच डावात अर्धा पॉट नेहमीच्या नियमाने आणि अर्धा मुफलिसने. प्रत्येकाला सात पानं. पहिली दोन पालथी, मग चार उघडी, शेवटचं पुन्हा पालथं. मध्ये सामाईक पान काही नाही, ज्याचं त्याचं ज्याच्या त्याच्यापुढे. सातांतली कुठलीही पाच घेऊन सगळ्यात वरचा हात, म्हणजे हाय, अर्धा पॉट नेतो, कुठलीही पाच घेऊन सगळ्यात खालचा हात, म्हणजे लो, उरलेला अर्धा. दोन्हींसाठी वेगवेगळी पाच घेता येतात. मात्र लोला अट आहे: पाचही पानं वेगवेगळी आणि अठ्ठी किंवा त्याखालची हवीत. एक्का दोन्हीकडे चालतो. लोसाठी सीक्वेन्स किंवा कलर झाला तरी बिघडत नाही, तो धरतच नाहीत. कोणाचाच लो बसला नाही, तर हायवाला सगळं घेऊन जातो.

लो वाचायचा तो वरून. सर्वांत मोठं पान आधी. 8-5-4-2-एक्का दिसायला गोंडस, पण 7-6-5-4-3 पुढे हरतो, कारण अठ्ठी सत्तीपेक्षा मोठी. नवे खेळाडू इथे हमखास फसतात.

पहिलं उघडं पान सगळ्यात लहान ज्याचं, त्याने सक्तीने सुरुवात करायची. त्याला ब्रिंग-इन म्हणतात. त्या डावात दोन दुर्र्या उघड्या होत्या, किलवर आणि इस्पिक. अशा वेळी रंग बघतात: किलवर सगळ्यात खाली, मग चौकट, बदाम, इस्पिक. पोकरमध्ये रंगाला किंमत मिळते ती अशा बारक्यासारक्या जागीच. किलवर दुर्रीवाल्या आजोबांनी दोन डॉलर टाकले, पुढच्याने चार केले, आणि आठच्या आठ जणांनी चार-चार भरले. चौथ्या पानालाही आठही जण आत. पाचव्यालाही मी आठ पानं वाटली. बेट तिथे आठ डॉलरची होते, तेव्हा कुठे एकाने पानं टाकली. पाचव्या पानावर निम्मे उठायला हवेत, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. पण मित्रांच्या टेबलावर कोण आधी उठणार!

सहावं पान सात जणांना दिलं आणि हाताला डेक भलताच हलका लागला. चोवीस पानं सुरुवातीची, आठ, आठ, सात, आणि प्रत्येक फेरीआधी बाजूला ठेवलेलं एकेक बर्न. पन्नास. हातात दोन. फेरी संपली तेव्हा सहा जण अजून खेळात होते. आठ जणांना सात-सात पानं म्हणजे छप्पन्न, आणि डेक बावन्नचा. हा हिशेब शिकवणीत पाठ केलेला असतो, पण प्रत्यक्षात इतके लोक कधी टिकत नाहीत, म्हणून टेबलावर तो कोणी करत नाही. पाच जण उरले असते तर बर्न मिसळून भागवता आलं असतं. सहांना काही केल्या पुरत नव्हतं.

"फ्लोर!" मी हाक मारली. माझा आवाज चिरकला असावा, कारण शेजारच्या टेबलावरचे वळून बघायला लागले.

साहेब आले, मोजलं, मान हलवली. एक पान बर्न, एक मध्ये उघडं, ते सहाही जणांचं सातवं. दुसऱ्या सीटवरचे दाढीवाले गुरकावले, "याला स्टड म्हणतात का?" त्यांच्यापुढे दोन राजे उघडे होते. मी पान उलटलं. चौकट पंजी.

बेट, कॉल, कॉल, सहाही जणांचे आठ-आठ. मग पानं उघडली.

दाढीवाल्यांचा तिसरा राजा पालथ्यात होता. तीन राजे. माझ्या डोक्यात तिथेच घोटाळा झाला. तीन पत्तीत ट्रेलच्या वर काही नसतं. लहानपणी मामाच्या वाड्यात तीन राजे म्हणजे पैसे गोळा करायला हात पुढे करायचा. इतकी वर्षं डीलिंग करूनही घाईच्या क्षणी डोकं त्या वाड्यातच जातं. पाच पानांच्या पोकरमध्ये सीक्वेन्स ट्रेलच्या वर आहे, हे मला झोपेतही सांगता येईल. पण त्या क्षणी हायचा निकाल माझ्या मनात लागून गेला होता, आणि मी उरलेल्या पाचांकडे फक्त लो शोधत निघाले.

पाचव्या सीटवर एक्का, दुर्री, चव्वी, छक्की आणि मधली पंजी: 6-5-4-2-एक्का. फार चांगला लो. एकाकडे दोन जोड्या, एकाकडे अठ्ठीचा लो. एकाने आपली पानं पालथीच सरकवली. राहिल्या सातव्या सीटवरच्या बाई. चष्मा साखळीला बांधलेला, अख्खी रात्र मला "हनी" म्हणणाऱ्या. त्यांनी पानं उघडी टाकली आणि म्हणाल्या, "सात-सहा लो. यांचा सहाचा दिसतोय. गेले मी."

खरंच गेल्या होत्या, लोमध्ये. मी त्यांची पानं ओढून घेण्यासाठी हात ठेवला. नियमाप्रमाणे पानं उघडताना डीलरने मोठ्याने वाचायची असतात, म्हणून सवयीने पुटपुटले: सेव्हन, सिक्स, फाइव्ह, फोर, थ्री.

आणि कानाला ते मराठीत ऐकू आलं. सत्ती, छक्की, पंजी, चव्वी, तिर्री. बदाम सत्तीत आपण असंच लावत खाली जातो!

हात तसाच राहिला. पानं अजून त्यांच्याच बाजूला, उघडी. मक झाली असती, म्हणजे टाकलेल्या पानांत गेली असती, तर ढिगातून परत काढणं साहेबांनाही जड गेलं असतं. आमच्या रूममध्ये खेळाडू तोंडाने काय म्हणाला याला किंमत नाही, उघडी पानं काय म्हणतात ते खरं. मी पाच पानं ओळीत लावली आणि म्हटलं, "हाय: स्ट्रेट."

दाढीवाल्यांनी तोवर दोन्ही हात पॉटकडे आणले होते. ते बघत राहिले. मग स्वतःच ओळ मोजली, बोट टेकवत, एकदा खालून आणि एकदा वरून.

रेक, म्हणजे रूमचा हिस्सा, काढून पॉट 219 डॉलरचा. विषम आला की वरचा डॉलर हायला. म्हणून बाईंना 110, पाचव्या सीटला 109. लो म्हणून आलेल्या, लो हरलेल्या आणि हाय घेऊन बसलेल्या. तीन राजांना शून्य.

"पण मी तर लोला होते ना?" बाई दोनदा म्हणाल्या. मग एक पाचची चिप माझ्याकडे सरकवली. मी ती खिशात टाकली, पण कान तापलेले होते. आणखी एका सेकंदाने मीच त्यांचा हात मारला असता, आणि टेबलावरच्या कोणाला, अगदी त्यांनासुद्धा, कळलं नसतं.

अर्ध्या तासाने माझी पाळी बदलली. हात झटकून तळवे वर कॅमेऱ्याला दाखवले आणि उठले. साहेब जाताजाता एवढंच म्हणाले, "आधी सगळ्यांचा हाय वाच. मग लोसाठी पुन्हा पहिल्यापासून ये."

सकाळी घरी मी नवऱ्याला पत्ते मांडून दाखवले. मुलगी दूध पीत तिथेच होती. तिने माझी ओळ बघितली आणि तक्रार केली, "आई, यात बदाम दोनच आहेत. हे चालत नाही."