पाठीतलं इंजेक्शन: तुम्ही विचारलंत म्हणून

काल दापोलीच्या बाजारात सुरमईचे तुकडे करता करता मावशींनी विचारलंच. "डॉक्टर, सुनेला सीझरच्या वेळी पाठीत इंजेक्शन दिलं, तेव्हापासून तिची पाठ दुखते. त्याचंच ना?" लग्नाच्या पंगतीत, एसटीत, पेट्रोल भरताना... भूलतज्ज्ञाची यातून सुटका नाही.

नाही हो, त्याचं नाही. 25 गेजची सुई म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर. ती कमरेच्या तिसऱ्या-चौथ्या मणक्याच्या मधून जाते. मज्जारज्जू त्याच्या वरच संपलेला असतो. औषध 2 मिलीच्या आसपास, काही तासांत ओसरतं. टोचलेली जागा दोन-चार दिवस ठणकते. पुढचं दुखणं नऊ महिन्यांच्या ओझ्याचं, सैल झालेल्या सांध्यांचं, बाळाला घेऊन वाकण्याचं. मावशी स्वतः दिवसभर विळीवर वाकतात, त्यांचीही पाठ दुखते, तिथे कुठे सुई होती? हे बोलून दाखवलं आणि सुरमई महाग पडली.

पण इतकं ठणकावून सांगताना एक बाई आठवते.

जुलै महिना. खाडीपलीकडे एका लहान हॉस्पिटलात सीझर होतं. सुई पहिल्यांदा जमली नाही, दुसऱ्यांदा घातली. स्पिरिटचा बोळा पोटावर गार लागेनासा झाला, मग सर्जनना खूण केली. सगळं छान झालं. धोपाव्याहून शेवटची फेरीबोट धरून मी दाभोळला उतरलो.

तिसऱ्या दिवशी सिस्टरचा फोन. "उठून बसली की डोकं फुटतंय म्हणते. आडवी झाली की थांबतं."

हेच परीक्षेत विचारलं असतं तर झोपेतही उत्तर दिलं असतं. सुईच्या भोकातून मणक्यातलं पाणी झिरपतं, म्हणून डोकं दुखतं. 1898 साली जर्मनीत ऑगस्ट बिअर या सर्जनने हीच भूल आजमावायला स्वतःच्याच पाठीत सुई घालून घेतली आणि नऊ दिवस डोकं धरून बसला. बसला कसला, पडून राहिला. बसणंच तर जमत नव्हतं.

आणि मी म्हणालो, "जागरण झालं असेल. पॅरासिटामॉल द्या, पाणी पाजा." पाऊस फार आहे, फेरी बंद पडेल, असं तेव्हा स्वतःला समजावलं. खरं तर बाई कांगावा करतेय असंच वाटलं होतं. शिवाय दोनदा घातलेली सुई आठवत होती, आणि ती आठवायची नव्हती.

दोन दिवसांनी गेलो. भिंतीकडे तोंड करून ती सपाट पडली होती, बाळ आडवंच पीत होतं. सासू म्हणाली, "बसतच नाही हो, नुसती लोळते." तिने मान न उचलता म्हटलं, "डॉक्टर, तुम्ही तरी सांगा यांना."

सांगितलं. दोष सुईचा, हिचा नाही. सासू लगेच, "म्हणजे इंजेक्शनचंच!"

हो. डोकं दुखत होतं ते इंजेक्शनचंच. तिचंच रक्त काढून पाठीत सोडायचं आणि ते भोक बुजवायचं, असा उपाय असतो. पण तोवर दुखणं आपणहून उतरू लागलं होतं. आठवड्याभरात ती उठून बसली. माझ्याशी मात्र पुन्हा बोलली नाही.

मावशींच्या सुनेला मी पाहिलेलंही नाही. पिशवी उचलताना म्हटलं, "आणा एकदा तिला."

"म्हणजे त्याचंच?"

"नाही हो मावशी. तरी आणा."