गोणपाट ओले ठेवायला बांधलेला हाफ-ब्रिज इन्व्हर्टर

एप्रिलची रेशीम अळ्यांची बॅच चौथ्या मोल्टवरून (कात टाकण्यावरून) उठली आणि नेमकी दुपारची लाईट जायला लागली. आमचं रेशीम शेड गेवराई तालुक्यात, उघड्या माळावर. शेवटच्या अवस्थेतल्या अळ्यांना 24-25 अंश तापमान आणि 70 टक्क्यांच्या आसपास आर्द्रता लागते. म्हणून भिंतींना गोणपाट बांधलेत, त्यांवर ठिबकची नळी आणि नळीला कुलरचा 18 वॅटचा पंप. लाईट गेली की अर्ध्या तासात गोणपाट कोरडंठाक. मग अण्णा बादलीनं पाणी मारत फिरायचे. कमरेचं ऑपरेशन झालेला माणूस, मला ते बघवत नव्हतं.

यूपीएसमधल्या 12 व्होल्ट, 7 अँपिअर-अवरच्या दोन बॅटऱ्या घरात पडून होत्या. डिप्लोमाला हाफ-ब्रिज, म्हणजे बॅटरीच्या डीसीचा एसी करणारं सर्किट, शिकलो होतो, पण कागदावरच. दोन मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) एकावर एक, दोन कपॅसिटर एकावर एक, आणि दोन्हींच्या मधल्या बिंदूंमध्ये लोड. वरचा मॉसफेट चालू तेव्हा खालचा बंद, आणि उलट. 24 व्होल्टचे लोडला अधिक-उणे 12 मिळतात. तिथं 12 व्होल्टचा साधा ट्रान्सफॉर्मर उलटा लावला, की पलीकडं 230 च्या जवळपास.

पन्नास हर्ट्झसाठी, म्हणजे सेकंदाला पन्नास फेऱ्यांसाठी, सीडी4047 ही आयसी घेतली, कारण तिच्या आउटपुटचे दोन्ही अर्धे अगदी सारखे येतात. मॉसफेट चालू-बंद करणारा ड्रायव्हर आयआर2104. दोन्ही मॉसफेट एकदम चालू होऊन बॅटरी शॉर्ट होऊ नये म्हणून मधे अर्ध्या मायक्रोसेकंदाची उसंत ही आयसी स्वतःच सोडते. मॉसफेट आयआरएफ540. पहिल्यांदा सप्लाय देताना ट्रॅक्टरचे दोन इंडिकेटर बल्ब सिरीजमध्ये ठेवले. काही चुकलं असेल तर बल्ब पेटतात, मॉसफेट वाचतात. नव्यानं बांधणाऱ्यानं ही पायरी अजिबात गाळू नये.

बल्ब पेटले नाहीत. ते काढून पंप जोडला. अण्णा म्हणाले, "अरे, घूं घूं करायलाय नुसता, पाणी येईना."

मल्टीमीटर एसीवर टाकून कपॅसिटरचा मधला बिंदू पाहिला. जो जागचा हलायला नको, तोच हेलकावे खात होता. मी 1000 मायक्रोफॅरडचे दोन लावले होते. हिशोब तेव्हा मांडला: दोन अँपिअर, दहा मिलिसेकंद, दोन्ही मिळून 2000 मायक्रोफॅरड, म्हणजे दर अर्ध्या फेऱ्याला दहा व्होल्टची घसरण. बारातले दहा तिथंच गेले! मोठे कपॅसिटर आणायला संभाजीनगरला जायचं ठरवत होतो, तेवढ्यात लक्ष बॅटऱ्यांकडं गेलं. दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जिथं जोडल्यात, तो मध्यबिंदूच आहे की. कपॅसिटर काढले, ट्रान्सफॉर्मरची वायर तिथं नेली, दोन्ही बॅटऱ्यांना पाच-पाच अँपिअरचे फ्यूज टाकले. पाणी आलं.

पण दहा मिनिटांत वरच्या मॉसफेटला बोट लाववेना. खालचा मात्र गार. सोल्डरिंग पुन्हा केलं, मॉसफेट बदलला, तरी तेच. शेवटी बोर्ड घेऊन ज्या कॉलेजात शिकलो तिथल्या लॅबमध्ये गेलो आणि सीआरओ (व्होल्टेजची रेघ पडद्यावर दाखवणारं यंत्र) लावला. वरच्या मॉसफेटच्या गेटचं, म्हणजे त्याला चालू-बंद करणाऱ्या पायाचं, व्होल्टेज अकराच्या आसपास चढायचं आणि दहा मिलिसेकंदांत उतारावरून घरंगळल्यासारखं सहाकडं यायचं. मॉसफेट धड चालू ना धड बंद, म्हणून तापत होता.

वरच्या गेटला लागणारा चार्ज ड्रायव्हरजवळचा बूटस्ट्रॅप कपॅसिटर साठवतो आणि मी तिथं 0.1 मायक्रोफॅरडचा लावला होता. ज्या सर्किटवरून मी तो उचलला ते हजारो हर्ट्झचं. तिथं तो क्षणाक्षणाला पुन्हा भरतो. इथं त्याला दहा मिलिसेकंद एकट्यानं तग धरायचाय, आणि आयसी त्यातून 55 मायक्रोअँपिअरपर्यंत ओढते. दोन्ही चुकांचं मूळ एकच: वेगवान सर्किटचे कपॅसिटर मी 50 हर्ट्झला आणून बसवले. तिथं 22 मायक्रोफॅरडचा लावला, जुना शेजारीच राहू दिला. सीआरओवरची रेघ सपाट झाली. तासाभरानं दोन्ही मॉसफेट सारखेच कोमट.

आउटपुटचा झटका लाईटच्या झटक्याइतकाच जिवावरचा, आणि शेडात सगळीकडं पाणी. म्हणून इन्व्हर्टरचा डबा बाहेर, खांबावर उंच बांधलाय.

मेच्या बॅचच्या अळ्या चंद्रिकेवर (कोष विणायच्या जाळीवर) चढेपर्यंत सहा दुपारी लाईट गेली. दर वेळी पंप बॅटरीवर दोन तास चालला. कुठलीही बॅटरी 11 व्होल्टवर आली की सध्या मी हातानंच बंद करतो. तेवढ्यासाठी कंपॅरेटर (दोन व्होल्टेजची तुलना करणारी आयसी) जोडायचं काम आता हाती घेतलंय.